मुक्त सॉफ्टवेअर : योगदानकर्त्यांचे हक्क आणि त्यांची कागदपत्रे

ज्या सॉफ्टवेअरचा वापर, अभ्यास, फेरफार आणि पुनर्वितरण करण्याची मोकळीक प्रत्येकाला असते, त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. ही मोकळीक स्वामित्वहक्काच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या कॉपीराइटच्या आधारे दिली जाते. हक्क ज्याच्याकडे आहे तोच परवाना देऊ शकतो. ज्याच्याकडे हक्क नाही त्याने दिलेल्या परवान्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच जगभरातल्या स्वयंसेवकांच्या श्रमावर उभ्या असलेल्या या प्रकल्पांना एक अगदी कचेरीछाप काम करावे लागते. कोणी काय लिहिले, ते देण्याचा त्याला अधिकार होता का, आणि तो अधिकार आता कोणाकडे आहे, याची दप्तरी नोंद ठेवण्याचे ते काम होय.

गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि घरून काम करणारे तरुण व्यावसायिक अशा प्रकल्पांना आपले लेखन देऊ लागले, की कधी ना कधी त्यांच्यासमोर एखादा करारनामा येतो. बहुतेक जण तो न वाचता मान्य करतात. त्या कागदात काय असते, तो का मागितला जातो आणि सही करणाऱ्याच्या हाती नंतर काय उरते, याची ही माहिती.

हक्क आपोआप जन्मतो

स्वामित्वहक्क मिळवण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. लेखन उतरले की हक्क निर्माण होतो, हे तत्त्व बर्न करारामुळे बहुतेक देशांत लागू आहे. भारताच्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीची गणना 'साहित्यकृती'त केली आहे. कथा-कादंबरीला जे संरक्षण मिळते तेच आज्ञावलीलाही मिळते, आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे ते टिकते.

याचा परिणाम असा, की शंभर जणांनी मिळून उभ्या केलेल्या सॉफ्टवेअरला शंभर मालक असतात. त्यातला एखादा पुढे वारला, तर त्याच्या वाट्याचे हक्क वारसांकडे जातात. गोव्यातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. वडिलोपार्जित घराचा व्यवहार करायचा तर मुंबई, लिस्बन, लंडन येथे विखुरलेल्या साऱ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. एक सही अडली की व्यवहार अडतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत वारसांची यादीसुद्धा अनेकदा उपलब्ध नसते. असतो तो फक्त एखादा ईमेल पत्ता, आणि तोही बंद पडलेला.

१९८५ सालचा धडा

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा आरंभ रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून मानला जातो. त्याला संस्थात्मक आधार देण्यासाठी ऑक्टोबर १९८५मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास कागदपत्रांचे महत्त्व पटवणारा एक प्रसंग घडला.

स्टॉलमन यांनी लिहिलेल्या 'ग्नू ईमॅक्स' या संपादकाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत जेम्स गॉसलिंग यांच्या ईमॅक्समधील काही भाग होता. तो वापरण्यास हरकत नाही, असे त्या कामाशी संबंधित असलेल्या एका सहकाऱ्याने सांगितले होते. दरम्यान गॉसलिंग यांच्या ईमॅक्सचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले होते आणि कंपनीने हरकत घेतली. वाद न वाढवता स्टॉलमन यांनी तो भाग काढून नव्याने लिहिला. एका तोंडी आश्वासनावर विसंबल्यामुळे चालू असलेला भाग फेकून द्यावा लागला. ग्नू प्रकल्पात पुढे कागदपत्रांबाबत जी कडक शिस्त आली, तिच्यामागे हा अनुभव आहे.

हस्तांतरपत्र आणि हक्कसोडपत्र

ग्नू प्रकल्पातील सगळीच सॉफ्टवेअरे फाउंडेशनच्या मालकीची नाहीत. आपले सॉफ्टवेअर स्वतःच्या नावावर ठेवायचे की फाउंडेशनच्या स्वाधीन करायचे, हे मूळ लेखक ठरवतो. मात्र जी फाउंडेशनच्या नावावर आहेत, त्यांत भर घालणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी कागद घेतला जातो. ईमॅक्स हे त्यातले ठळक नाव. जीसीसी हा कंपायलर आणि जीलिबसी हे मूलभूत ग्रंथालय हीदेखील अनेक दशके याच रांगेत होती.

कागद मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला हस्तांतरपत्राचा. त्यात योगदानकर्ता आपल्या लेखनावरचा स्वामित्वहक्क फाउंडेशनला देतो. आधी केलेल्या विशिष्ट बदलांपुरते हे पत्र करता येते किंवा त्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे होणाऱ्या सर्व बदलांसाठी एकदाच करता येते. दुसरा प्रकार जमिनीच्या व्यवहारातल्या हक्कसोडपत्रासारखा आहे. त्यात योगदानकर्ता हक्क कोणाला देत नाही, तर त्या लेखनावर आपला दावा नाही असे लिहून देतो. लहान आणि एकदाच केलेल्या कामासाठी हा मार्ग वापरला जातो.

हस्तांतर हा शब्द ऐकून अनेकांना वाटते की आपले लेखन आपल्याला परके झाले. प्रत्यक्षात फाउंडेशनच्या करारात दोन गोष्टी उलट दिशेनेही येतात. एक म्हणजे ते सॉफ्टवेअर आणि त्यावर आधारलेले काम कायम मुक्त अटींवरच वितरित करण्याचे वचन संस्था देते, आणि ते तिच्या उत्तराधिकाऱ्यांवरही बंधनकारक असते. दुसरे असे, की स्वतः लिहिलेला भाग अन्यत्र हव्या त्या पद्धतीने वापरण्याची मुभा योगदानकर्त्याला परत दिली जाते. करार वाचताना हे वचन आणि ही मुभा शोधायची असते. ज्या करारात ती नाहीत, तो करार वेगळ्या जातीचा असतो. त्याविषयी पुढे येईलच.

कागदाचा प्रवास

ही प्रक्रिया साधी असली तरी तिचे टप्पे ठरलेले आहेत. एखाद्याने महत्त्वाचा बदल पाठवला की त्या सॉफ्टवेअरचा देखभालकर्ता त्याला एक प्रश्नावली देतो. योगदानकर्ता ती भरून फाउंडेशनच्या दप्तराकडे पाठवतो. पूर्ण कायदेशीर नाव, टपालाचा पत्ता, नागरिकत्व, जन्मवर्ष, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काम केले, त्यात इतर कोणाचे लेखन उचलले आहे का, आणि आपल्या कामावर दावा सांगू शकेल असा नोकरीदाता आहे का, हे त्यातले प्रश्न. जन्मवर्ष आणि नागरिकत्व विचारलेले पाहून पुष्कळ जण चपापतात. पण अमेरिकेतील स्वामित्वहक्क नोंदणीच्या अर्जातही हेच तपशील असतात.

यानंतर दप्तर सांभाळणारा कर्मचारी करारनामा तयार करून पाठवतो. सही झालेली प्रत परत आली की संस्थेच्या वतीनेही सही होते आणि एक प्रत योगदानकर्त्याला मिळते. पूर्वी हा सगळा व्यवहार टपालानेच होत असे आणि अमेरिकेबाहेरच्या माणसाला त्यासाठी कित्येक आठवडे थांबावे लागे. आता काही देशांसाठी स्कॅन केलेली प्रत किंवा डिजिटल सही स्वीकारली जाते. शेवटी योगदानकर्त्याचे नाव, सॉफ्टवेअर आणि तारीख एका मध्यवर्ती यादीत चढते आणि देखभालकर्त्याला तसे कळवले जाते. ही यादी सर्वांसाठी खुली नसते. तिच्यात व्यक्तिगत माहिती असल्याने अधिकार असलेल्या देखभालकर्त्यांनाच ती पाहता येते.

यादीत नाव आल्याशिवाय बदल सामावून घेऊ नये, हा देखभालकर्त्यांसाठी नियम आहे. 'कागद निघाला आहे, पोचेलच' या भरवशावर बदल घेतला आणि कागद कधी आलाच नाही, तर तो भाग नंतर शोधून, सोलून काढावा लागतो. तोवर त्यावर इतरांचे काम उभे राहिलेले असते.

पंधरा ओळींची मर्यादा

प्रत्येक किरकोळ दुरुस्तीसाठी कागद मागितला तर काम ठप्प होईल. त्यासाठी ग्नू प्रकल्पाने देखभालकर्त्यांना एक व्यवहारी मोजमाप दिले आहे. सुमारे १५ ओळींपेक्षा कमी असलेला बदल स्वामित्वहक्काच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जात नाही. एकच नाव सर्वत्र बदलण्यासारखी यांत्रिक दुरुस्ती शेकडो ओळींची असली तरी ती मोजली जात नाही, कारण तिच्यात नवे लेखन नसते.

मात्र एकाच माणसाचे लहान लहान बदल एकत्र मोजले जातात. आज पाच ओळी, पुढच्या महिन्यात सहा, त्यानंतर सात असे झाले की मर्यादा ओलांडली जाते. यासाठी ईमॅक्समध्ये अशा प्रत्येक लहान बदलाच्या नोंदीत 'कागदपत्रांतून सूट' अशा अर्थाची एक ठरावीक ओळ लिहितात, म्हणजे पुढे हिशेब लागतो. पंधरा ही संख्या कोणत्याही कायद्यातून आलेली नाही. ती दप्तराच्या सोयीसाठी आखलेली रेघ आहे.

नोकरदारांचा प्रश्न

या साऱ्या व्यवहारात सर्वाधिक गुंता होतो तो नोकरीमुळे. भारतीय कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीच्या कराराखाली नोकरीचे काम म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरीदाता असतो, वेगळा करार नसल्यास. सरकारी कामाच्या बाबतीत सरकार पहिले मालक ठरते. अमेरिकेच्या कायद्यातही याच धर्तीची तरतूद आहे.

पणजीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या तरुणाने रात्री घरी बसून मुक्त प्रकल्पासाठी काही लिहिले, तर ते कोणाचे? कायद्याच्या साध्या वाचनानुसार ते त्याचेच असायला हवे. पण अनेक कंपन्यांच्या नियुक्तिपत्रांत नोकरीच्या काळातील सर्व बौद्धिक निर्मितीवर कंपनीचा हक्क सांगणारे कलम घातलेले असते. अशा वेळी त्या तरुणाची सही पुरेशी ठरत नाही. जे आपले नाही ते तो देऊ शकत नाही. म्हणून फाउंडेशन नोकरीदात्याकडूनही हक्कसोडपत्र मागते, आणि त्यावर कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या पदाधिकाऱ्याची सही लागते. शेजारच्या टेबलावरच्या व्यवस्थापकाची सही चालत नाही.

विद्यार्थ्यांनाही हा प्रश्न चुकत नाही. अनेक शिक्षणसंस्थांची बौद्धिक संपदेविषयीची धोरणे असतात आणि संस्थेची साधने किंवा अनुदान वापरून केलेल्या कामावर त्यांत दावा सांगितलेला असू शकतो. त्यात वयाचाही मुद्दा आहे. भारतीय करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. अकरावी-बारावीच्या हुशार मुलाने एकट्याने केलेल्या सहीवर प्रकल्प विसंबून राहू शकत नाही.

कागद कामाला येतो तेव्हा

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर न्यायालयात मिळते. डिसेंबर २००८मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्को या बलाढ्य कंपनीवर न्यूयॉर्क येथील न्यायालयात दावा लावला. सिस्कोच्या 'लिंकसिस' नावाने विकल्या जाणाऱ्या उपकरणांत फाउंडेशनच्या मालकीचे सॉफ्टवेअर होते, पण परवान्यानुसार ग्राहकांना द्यावयाचा सोर्स कोड नीट दिला जात नव्हता. त्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक जणांचे श्रम होते, तरी दावा एकाच संस्थेला लावता आला, कारण हक्क तिच्या दप्तरी एकत्र झालेले होते. मे २००९मध्ये तडजोड झाली. परवान्याचे पालन पाहण्यासाठी लिंकसिससाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे सिस्कोने मान्य केले आणि फाउंडेशनला देणगीही दिली.

याच्या उलट उदाहरण जर्मनीतले. लिनक्सच्या गाभ्याचे एक प्रमुख लेखक क्रिस्टोफ हेलविग यांनी व्हीएमवेअर या कंपनीविरुद्ध हॅम्बुर्ग येथे दावा लावला. लिनक्समध्ये हक्क एकत्र केलेले नसल्याने, प्रतिवादीच्या उत्पादनात आपण स्वतः लिहिलेला नेमका कोणता भाग आहे, हे त्यांना सिद्ध करावे लागणार होते. २०१६मध्ये न्यायालयाने पुरेसे पुरावे नसल्याचे सांगून दावा फेटाळला आणि २०१९च्या फेब्रुवारीत अपीलही फेटाळले गेले. परवान्याचा भंग झाला होता की नाही, या मूळ प्रश्नापर्यंत न्यायालय पोचलेच नाही. मालकीच्या पुराव्यावरच प्रकरण अडले.

परवाना बदलायचा झाला तरीही हीच अडचण येते. इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांचा कणा असलेल्या ओपनएसएसएल प्रकल्पाने आपला जुना परवाना बदलायचे ठरवले, तेव्हा पूर्वीच्या सर्व योगदानकर्त्यांना शोधून त्यांना संमतीसाठी ईमेल पाठवावे लागले. हे काम २०१७मध्ये सुरू झाले आणि नव्या परवान्याखालील आवृत्ती सप्टेंबर २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. लिनक्सच्या गाभ्याचा परवाना १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला आहे; हजारो मालकांची संमती मिळवणे हे आता जवळजवळ अशक्य काम आहे.

शिस्तीची किंमत

कागदाचा आग्रह फुकट पडत नाही. १९९१च्या सुमारास ल्युसिड या कंपनीने ईमॅक्सची वेगळी शाखा काढली, तीच पुढे एक्सईमॅक्स म्हणून ओळखली गेली. तिच्यातल्या अनेक सोयी चांगल्या होत्या. पण त्या लिहिणाऱ्या सर्वांची हस्तांतरपत्रे नसल्याने मूळ ईमॅक्समध्ये त्या जशाच्या तशा घेता आल्या नाहीत. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन शाखा कित्येक वर्षे समांतर चालत राहिल्या. दोघांचा परवाना एकच असूनही त्यांचे मीलन झाले नाही.

दुसरी किंमत माणसांच्या उत्साहाची. पहिलेच योगदान घेऊन आलेल्या नवख्याला आठवडे-महिने थांबायला लावले की तो दुसरीकडे वळतो. नोकरीदात्याकडून सही मिळवण्याच्या कटकटीला कंटाळून काम अर्धवट सोडणारेही असतात. जून २०२१मध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीने फाउंडेशनला हक्क देण्याची सक्ती उठवली आणि ऑगस्टमध्ये जीलिबसीनेही तेच केले. आता तेथे योगदानकर्ता हक्क स्वतःकडे ठेवू शकतो. ईमॅक्सने मात्र जुनी शिस्त कायम ठेवली आहे. तिची झळ कमी व्हावी म्हणून ज्यांच्याकडे कागद नाहीत अशा जोड-सॉफ्टवेअरांसाठी वेगळे भांडार उघडण्यात आले, आणि एप्रिल २०२२मधील अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून ते ईमॅक्समध्ये थेट उपलब्ध आहे.

शिस्तीचे दुसरे टोक पाहायचे तर एसक्यूलाइट हे नाव घ्यावे लागेल. जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेल्या या माहितीसाठ्याच्या सॉफ्टवेअरवर कोणाचाच स्वामित्वहक्क नाही. ते सार्वजनिक केलेले आहे. पण ते तसे आहे हे सिद्ध करता यावे म्हणून ज्यांनी ते लिहिले त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रे घेतलेली आहेत आणि त्यांच्या मूळ प्रती अग्निरोधक तिजोरीत ठेवलेल्या आहेत. बाहेरच्यांचे लेखन तेथे सहसा स्वीकारले जात नाही. संपूर्ण मोकळीकीसाठीसुद्धा तिजोरी लागते, असे हे उदाहरण आहे.

लिनक्सची वाट : एका ओळीचे प्रतिज्ञापत्र

लिनक्सच्या गाभ्यात हक्कांचे हस्तांतर कधीच नव्हते. मार्च २००३मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमविरुद्ध दावा लावून आपल्या मालकीचे लेखन लिनक्समध्ये गेल्याचा आरोप केला, तेव्हा कोणता भाग कोणाकडून आला याचा माग दाखवण्याची निकड निर्माण झाली. त्यातून २००४मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी 'उगम-प्रमाणपत्रा'ची पद्धत आणली.

हे प्रमाणपत्र जेमतेम एका पानाचे आहे. हे लेखन मी केले असून ते देण्याचा मला अधिकार आहे, किंवा ते योग्य परवान्याखालील आधीच्या कामावर आधारलेले आहे, किंवा असेच प्रमाणित करणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून ते माझ्याकडे आले आहे, यांपैकी एक गोष्ट योगदानकर्ता जाहीर करतो. ही नोंद सार्वजनिक आणि कायमस्वरूपी राहील, हेही तो मान्य करतो. त्यासाठी बदलाच्या शेवटी आपले नाव आणि ईमेल असलेली एक ओळ जोडायची असते. टपाल नाही, यादी नाही, प्रतीक्षा नाही. गिटलॅबसारख्या कंपनीनेही २०१७मध्ये आपला जुना करार सोडून ही पद्धत स्वीकारली.

या सोपेपणामुळे ती झपाट्याने पसरली. पण तिच्यामुळे हक्क एकत्र होत नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. शिवाय नाव जोडणाऱ्याच्या मालकाने खरोखर परवानगी दिली आहे का, हे कोणी तपासत नाही. ती जबाबदारी सर्वस्वी सही करणाऱ्याच्या अंगावर असते. एका ओळीची सही हलकी दिसते, तिच्यामागची हमी हलकी नसते.

परवाना-करार आणि विश्वासाचा प्रश्न

तिसरी पद्धत योगदान-परवाना कराराची. यात मालकी योगदानकर्त्याकडेच राहते; संस्थेला मात्र अतिशय व्यापक परवाना मिळतो. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन व्यक्तींसाठी आणि कंपन्यांसाठी असे दोन स्वतंत्र करार वापरते. अपाची ही लोकहितासाठी चालणारी, नफा न कमावणारी संस्था असल्याने तेथे त्याविषयी फारसा वाद झाला नाही.

जिथे करार घेणारी बाजू व्यापारी कंपनी असते, तिथे प्रश्न बदलतो. मालकी योगदानकर्त्याकडे ठेवूनही, त्याचे लेखन कोणत्याही परवान्याखाली वितरित करण्याचा अधिकार असा करार कंपनीला देऊ शकतो. मोंगोडीबी या कंपनीने ऑक्टोबर २०१८मध्ये आपल्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचा परवाना बदलला. हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३मध्ये टेराफॉर्मसह आपली उत्पादने मुक्त परवान्यातून काढून व्यावसायिक निर्बंध असलेल्या परवान्याखाली नेली. बाहेरच्या योगदानकर्त्यांची वेगळी संमती विचारण्याची गरज पडली नाही. ती त्यांनी करारावर सही करताना आधीच दिली होती. टेराफॉर्मच्या जुन्या आवृत्तीवरून ओपनटोफू नावाची मुक्त शाखा निघाली आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. पण मुळात ज्यांनी मोकळ्या मनाने श्रम दिले होते, त्यांचे लेखन बंदिस्त होत चाललेल्या शाखेतही राहिलेच.

म्हणून करार हस्तांतराचा आहे की परवान्याचा, यापेक्षा तो घेणाऱ्याने बदल्यात कोणते वचन दिले आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. सगळे हक्क देऊनही 'हे कायम मुक्त राहील' असे लेखी वचन मिळत असेल, तर योगदानकर्ता सुरक्षित असतो. मालकी हातात ठेवूनही असे वचन नसेल, तर ती मालकी नाममात्र उरते.

भारतीय कायदा काय म्हणतो

परदेशी संस्थेच्या नमुन्यावर सही करणाऱ्या भारतीय योगदानकर्त्याने आपल्या कायद्यातील काही तरतुदी जाणून घ्याव्यात. कलम १९ प्रमाणे स्वामित्वहक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते आणि त्यावर देणाऱ्याची किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्रतिनिधीची सही लागते. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, याचा उल्लेख त्यात असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर भारतापुरतेच समजले जाते. घेणाऱ्याने मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास ते हस्तांतर संपुष्टात येते. भारतीयांसाठी करार मसुदा करणाऱ्याने 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द गाळले, तर त्याची सारी मेहनत पाच वर्षांत वाया जाऊ शकते.

भविष्यात लिहिल्या जाणाऱ्या कामाचे हस्तांतर कलम १८ खाली करता येते. मात्र ते काम प्रत्यक्षात अस्तित्वात आल्यावरच लागू होते. हक्क सोडून द्यायचा असेल तर कलम २१ नुसार रजिस्ट्रारला कळवून किंवा जाहीर सूचना देऊन तसे करता येते. आणि कलम ५७ नुसार, हक्क दुसऱ्याला दिल्यावरही कृतीचा लेखक म्हणून आपले नाव सांगण्याचा लेखकाचा विशेष अधिकार राहतो. विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीत 'हे मी लिहिले' असे सांगण्यासाठी मालकी लागत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भाषांतरकारांसाठी

मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी, कोंकणी किंवा अन्य भाषांत रूपांतर करणाऱ्यांचा समज असा असतो, की हे नियम आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी आहेत. भाषांतर हेही स्वतंत्र लेखन आहे आणि त्यावर भाषांतरकाराचा हक्क निर्माण होतो. त्यामुळेच ग्नूच्या अनेक सॉफ्टवेअरांचे संदेश भाषांतरित करणाऱ्यांकडून हक्कसोडपत्र घेतले जाते.

परवान्यातच पुढची सोय करून ठेवण्याचा मार्गही असतो, आणि मराठी वाचकांनी त्याचा परिणाम नकळत अनुभवला आहे. विकिपीडियावरचा मजकूर ग्नूच्या मुक्त दस्तऐवज परवान्याखाली लिहिला जात होता. त्या परवान्यात 'किंवा यापुढील आवृत्ती' असे शब्द होते. नोव्हेंबर २००८मध्ये फाउंडेशनने काढलेल्या नव्या आवृत्तीने वाट करून दिली आणि २००९मध्ये मराठीसह सर्व भाषांतील विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आला. असंख्य लेखकांकडून एकही नवी सही न घेता हे झाले.

यंत्राने लिहिलेल्या ओळी

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी लिहून दिलेला भाग योगदान म्हणून देता येईल का, हा या विषयातला ताजा प्रश्न आहे. 'हे मी लिहिले' असे प्रमाणित करणाऱ्याने ते लिहिलेलेच नसेल आणि यंत्राने ते कशावरून बेतले हेही त्याला ठाऊक नसेल, तर त्याच्या सहीला किती वजन द्यायचे? जेन्टू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४मध्ये अशा योगदानांना मनाई केली. नेटबीएसडीनेही त्याच वर्षी तशीच भूमिका घेतली, तर क्यूईएमयू प्रकल्पाने २०२५मध्ये उगम-प्रमाणपत्राचाच आधार देऊन ती नाकारण्याचे धोरण ठरवले. सर्वच प्रकल्प इतके कडक नाहीत. त्यामुळे पाठवण्यापूर्वी त्या त्या प्रकल्पाचे धोरण पाहणे आवश्यक आहे.

सही करण्यापूर्वी

योगदानकर्त्याने पुढील गोष्टी तपासाव्यात.

• आपण नेमके काय देत आहोत : मालकी, परवाना, की केवळ प्रमाणपत्र?

• सॉफ्टवेअर कायम मुक्त ठेवण्याचे लेखी वचन समोरची बाजू देते का, आणि ते तिच्या उत्तराधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे का?

• आपले लेखन स्वतः अन्यत्र वापरण्याची मुभा आपल्याकडे राहते का?

• नियुक्तिपत्रात किंवा शिक्षणसंस्थेच्या धोरणात आपल्या निर्मितीवर दावा सांगणारे कलम आहे का? असल्यास त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी.

• दुसऱ्याचे लेखन, अगदी चार-सहा ओळींचे असले तरी, आपल्या कामात मिसळले असेल तर ते स्पष्ट सांगावे.

• दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत जपून ठेवावी. नोकरी बदलली तर कागदाचा पुनर्विचार करावा, कारण जुन्या नोकरीदात्याचे हक्कसोडपत्र नव्या नोकरीला लागू होत नाही.

देखभाल करणाऱ्यांसाठी सूचना त्याहून थोडकी आहे. कागद हाती आल्यावरच बदल घ्यावा, नोंद त्याच दिवशी करावी आणि योगदानकर्त्यांची व्यक्तिगत माहिती उघड्यावर ठेवू नये. या दप्तराकडे रोज कोणाचे लक्ष जात नाही. परवाना मोडणाऱ्याला जाब विचारायचा असतो किंवा मूळ लेखक हयात नसतो, तेव्हा मात्र प्रकल्पाच्या हाती तेवढाच आधार असतो.